बार्शी लाईटची प्रतिकृती करायची असेल तर सुरुवात डब्यांपासून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुर्डुवाडीहून बार्शी-लातूर आणि पंढरपूर-मिरज अशा दोन्ही बाजूंना पूर्वी धावणाऱ्या ‘बार्शी लाईट’ या नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाडीच्या आठवणी आपल्या वृत्तपत्राच्या पत्रव्यवहारात अधूनमधून वाचायला मिळतात, आणि या गाडीची एक चालती लघुप्रतिकृती सोलापुरात असावी, असे म्हणणारी मंडळीही आता भेटू लागली आहेत. या कल्पनेला माझा मनापासून पाठिंबा आहे. मात्र प्रतिकृती करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे कामाला हात घालण्यापूर्वी ठरले नाही तर हाती केवळ एक महागडे खेळणे येईल, अशी भीती मला वाटते आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

ही भीती निराधार नाही. एका प्रदर्शनात ‘आपली बार्शी लाईट’ अशी पाटी लावलेली छोटी गाडी मी पाहिली आहे. तिचे इंजिन परदेशी संचातील होते, मागचे डबे युरोपातल्या एखाद्या जलद गाडीचे होते आणि त्यांच्यावर आपल्याकडचा रंग तेवढा चढवलेला होता. शेजारी उभे असलेले एक आजोबा नातवाला ती गाडी कौतुकाने दाखवत होते. त्या मुलाने मूळ गाडी पाहिलेली नाही आणि पुढेही त्याला ती पाहायला मिळणार नाही. त्यामुळे त्याच्या मनात बार्शी लाईट म्हणून तीच गाडी राहणार आहे. चुकीची प्रतिकृती नसण्यापेक्षा वाईट असते, असे मला त्या दिवसापासून वाटते, कारण ती खऱ्या वस्तूची जागा अडवून बसते.

बार्शी लाईट ही इतर कोणत्याही छोट्या गाडीसारखी दाखवून चालण्याजोगी गाडी नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत आला आणि मुख्य मार्गापासून बाजूला पडलेल्या बार्शीच्या बाजारपेठेला स्वस्त रेल्वेने जोडण्याची कल्पना त्याने लावून धरली. त्यासाठीची कंपनी १८९५ मध्ये लंडनला स्थापन झाली. इंजिने व डबे तयार झाल्यावर लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून त्यांच्या चाचण्या घेण्यात आल्या, आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी टाऊन हा सुमारे एकवीस मैलांचा मार्ग सुरू झाला. या सगळ्यामागचे सूत्र एकच होते. यार्डाला अवघे तीस पौंड वजन असलेले हलके रूळ वापरायचे आणि इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही. भार असा सारखा वाटला गेल्यामुळे अडीच फुटी रुळांवरसुद्धा लांबलचक, बोगींवर (डब्याखालच्या वळणाऱ्या चाकगाड्यांवर) चालणारे आणि रुळांमधील अंतराच्या दुपटीहून अधिक रुंद असे डबे धावू शकले. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेली पहिली इंजिने एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची आणि त्यांच्या मागे चार लहान चाकांची होती. कोळसा आणि पाणी ती स्वतःच्या अंगावरच वाहत. एकूण सहा आस आणि प्रत्येकावर जास्तीत जास्त पाच टन, म्हणजे सगळे इंजिन तीस टनांच्या आत बसवलेले होते. त्या काळातील गाडी म्हणून कोणी टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याची वेगळी गाडी, जोडलेले इंजिन दाखवले, तर या रेल्वेचे मूळ सूत्रच त्याच्या हातून निसटले असे म्हणावे लागेल.

पुढे ही रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली, तेव्हा तिची एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटरांच्या घरात गेली होती. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेऊन मध्य रेल्वेला जोडली. चालू शतकाच्या पहिल्या दशकापासून टप्प्याटप्प्याने तिचे ब्रॉडगेज झाले आणि नव्या आखणीत धाराशिवही मुख्य मार्गावर आले. हे रूपांतर आवश्यकच होते आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

आता प्रतिकृतीकडे येतो. लघुरेल्वेच्या छंदात बहुतेकांचे सारे प्रेम इंजिनावर असते. इंजिनाची छायाचित्रे मिळतात, कारखान्याच्या नोंदी मिळतात, चाकांची रचना पुस्तकात सापडते. मग दोन-दोन वर्षे खपून इंजिन हुबेहूब केले जाते आणि त्यामागे मिळतील ते डबे जोडले जातात. प्रवासी गाडी मात्र तिच्या डब्यांनी ओळखली जाते. लोक बसले ते डब्यात, भांडले ते खिडकीच्या जागेसाठी, आणि ज्या लाकडी बाकांची, खिडक्यांच्या गजांची व दारातल्या पायरीची आठवण लोक आजही सांगतात ते सगळे डब्यातच होते. म्हणून मी असे सुचवतो की सोलापुरात जी प्रतिकृती व्हावी ती ‘बार्शी लाईट’ नावाच्या कल्पनेची नसावी. एका ठरावीक काळातील, एका ठरावीक मार्गावरील, एका ठरावीक गाडीची असावी, आणि त्या गाडीत कोणता डबा कोणत्या क्रमाने लागत होता, हे पुराव्यानिशी ठरल्यावरच कामाला प्रारंभ व्हावा.

काळ ठरवणे हे वाटते तितके कोरडे काम नाही, कारण प्रत्येक काळ डब्याच्या अंगावर लिहिलेला असतो. डब्यावर कंपनीची अक्षरे असतील तर ती गाडी १९५४ पूर्वीची. मध्य रेल्वेची असतील तर त्यानंतरची. डब्यावर तिसऱ्या वर्गाची खूण असेल तर तो १९७४ नंतरच्या गाडीत चालणार नाही, कारण त्या वर्षी भारतीय रेल्वेने तिसरा वर्गच रद्द केला. डिझेल इंजिनामागे तिसऱ्या वर्गाचे कंपनीच्या अक्षरांचे डबे जोडले की दोन पिढ्यांची सरमिसळ होते आणि पाहणाऱ्याला ती कळलीही नाही, तरी त्याच्या माहितीत खोट शिरतेच.

माझ्या मते निवड व्हावी ती कंपनीच्या अखेरच्या वर्षांतील, म्हणजे १९५४ च्या थोडे आधीच्या, आषाढी वारीच्या कुर्डुवाडी-पंढरपूर गाडीची. उद्घाटनाच्या दिवसाची फुलांनी सजवलेली गाडी दाखवण्याचा मोह होईल, तो टाळावा. बार्शीच्या व्यापारासाठी सुरू झालेली ही रेल्वे महाराष्ट्राच्या मनात राहिली ती वारकऱ्यांमुळे. आषाढी-कार्तिकीला प्रवासी डबे पुरत नसत, तेव्हा मालाच्या बंद वाघिणींतूनही माणसे नेली जात. म्हणजे त्या दिवसांतील गाडीची रचनाच वेगळी असे आणि तीच तिची ओळख आहे. बांधणाऱ्यालाही यात मोठे आव्हान आहे: प्रवासी डबे, वाघिणी आणि गार्डचा डबा असे भिन्न घाट एकाच गाडीत येतात, तरी खालच्या बोगी आणि चाके यांच्यात कॅलथ्रॉपच्या सूत्राची एकवाक्यता दिसली पाहिजे. इंजिनही त्या वर्षांत त्या मार्गावर चालणारेच हवे. १८९७ चे किटसन देखणे आहे म्हणून ते इथे जोडून चालणार नाही.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा आहे आणि त्यावर जरा सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेक चुका इथेच होतात. बाजारात सर्वाधिक मिळणारे साहित्य एचओ प्रमाणाचे, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाचे असते. बार्शी लाईटच्या रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग पावणेनऊ मिलिमीटरांच्या आसपास येतो आणि ९ मिलिमीटरचे तयार रूळ मिळत असल्याने हे प्रमाण सोयीचे वाटते. परंतु या प्रमाणात साडेपाच फुटी माणूस जेमतेम १९ मिलिमीटर उंच होतो. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली वारकरी स्त्री त्यात ओळखूही येत नाही. याउलट मूळ वस्तूच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाचे प्रमाण घेतले तर तोच माणूस ३५ मिलिमीटर होतो, चाळीस फूट लांबीचा डबा दहा इंचांचा होतो आणि खिडकीचे गज, दाराच्या कड्या, बाकांच्या फळ्या स्वतंत्रपणे करता येतात. रुळांचा हिशेबही जमतो: ७६२ चा अठ्ठेचाळिसावा भाग १५.९ मिलिमीटर होतो आणि एचओचे १६.५ मिलिमीटरचे रूळ त्याच्या पुष्कळ जवळ जातात. अडीच फुटी रेल्वेच्या प्रतिकृतींसाठी परदेशातील छांदिष्टांनी हाच मेळ स्वीकारला आहे आणि त्याला ते ओएन-३० म्हणतात. त्यामुळे एचओसाठी बनलेली मोटर, दंतचक्रे आणि चाके खाली वापरता येतात व सारे कष्ट वरच्या बांधणीवर खर्चता येतात.

मोठ्या प्रमाणाचा आणखी एक लाभ कुर्डुवाडी स्थानकाच्या दृश्यात होतो. मुंबई-सोलापूर मार्गाचे ब्रॉडगेज आणि शेजारी नॅरोगेज हे तिथले वैशिष्ट्य होते. ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर आणि नॅरोगेजचे ७६२ मिलिमीटर, म्हणजे एक दुसऱ्याच्या २.२ पट. एचओमध्ये तयार रूळ शेजारी शेजारी मांडले तर १६.५ आणि ९ मिलिमीटर असे येतात आणि हे गुणोत्तर १.८ च्या आसपास घसरते. मोठी गाडी आणि छोटी गाडी यांच्यातला जो फरक फलाटावर उतरताच डोळ्यांत भरायचा, तोच उणा होतो. अठ्ठेचाळिसाव्या प्रमाणात ब्रॉडगेज ३५ मिलिमीटरचे व्हायला हवे. तेवढ्या मापाचे रूळ आयते मिळत नाहीत. पण तो मार्ग स्थिर दृश्यासाठीच असेल तर स्लीपर कापून आणि रूळ हाताने बसवून तो सहज करता येतो, आणि मग दोन्ही मार्गांतील प्रमाण बिनचूक दिसते.

जागेची अडचण मला मान्य आहे. कुर्डुवाडी ते बार्शी हा एकवीस मैलांचा मार्ग एचओ प्रमाणातही जवळजवळ चारशे मीटर लांब होईल, तेव्हा पूर्ण मार्ग दाखवण्याचा विचारच करू नये. एक स्थानक, त्याचे यार्ड, पाण्याची टाकी आणि बाहेर पडणारा थोडासा माळ एवढे पुरे. वीस फूट लांबीच्या मांडणीत सात डब्यांची गाडी व्यवस्थित उभी राहते. मात्र ती हळू चालली पाहिजे. ताशी तीस किलोमीटर वेग धरला तर अठ्ठेचाळिसाव्या प्रमाणात प्रतिकृती सेकंदाला सतरा सेंटीमीटर पुढे सरकायला हवी, म्हणजे वीस फूट पार करायला तिला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागेल. प्रदर्शनांत गाड्या याच्या तिप्पट-चौपट वेगाने फिरवतात. प्रत्येक इंजिनात आज्ञा ओळखणारा छोटा डीकोडर बसवून रुळांतूनच आज्ञा देणारी डिजिटल नियंत्रणपद्धती वापरली आणि दंतचक्रांचे गुणोत्तर नीट निवडले, तर अगदी संथ वेगातही इंजिन न अडखळता चालते.

सर्वांत अवघड भाग पुराव्याचा आहे. डब्यांचे आराखडे हा पहिला आधार. कार्यशाळांमध्ये प्रत्येक प्रकारच्या डब्याचा मापांसह आराखडा ठेवण्याची रेल्वेची पद्धत होती. कुर्डुवाडीच्या कार्यशाळेने माथेरानच्या डब्यांचीही कामे केली असल्यामुळे नॅरोगेजचे ज्ञान तिथे टिकून राहिले आहे, ही आपल्या जिल्ह्याची मोठी जमेची बाजू आहे. आराखडा नसेल तिथे छायाचित्र उपयोगी पडते. गाडीसमोरून किंवा मागून घेतलेल्या छायाचित्रात रूळ दिसत असतील तर ते ७६२ मिलिमीटरचे अंतर हीच आपली मोजपट्टी होते. त्यावरून त्याच अंतरावर असलेल्या डब्याची रुंदी, छताची उंची आणि पायरीची जागा बऱ्याच अचूकतेने काढता येते. बाजूने घेतलेल्या छायाचित्रात हेच काम चाकाचा ज्ञात व्यास करतो.

रंगाविषयी अधिक सावध राहावे लागते. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून रंगाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे, कारण त्या काळातील पुष्कळशा काचपट्ट्या व फिल्मांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तांबडा डबा त्यांत काळपट उमटे आणि निळा फिका पडे. खात्रीचा मार्ग म्हणजे उरलेल्या एखाद्या मूळ फळीवरचा रंग बारीक पॉलिशकागदाने थर-थर घासून पाहणे. एकाखाली एक असलेले थर उघडे पडतात आणि सर्वांत खालचा थर सर्वांत जुना असतो. त्यातही प्रतिकृतीवर मूळ छटा जशीच्या तशी लावली तर ती अधिक गडद भासते, म्हणून छटा किंचित फिकी करावी लागते. हे जाणणारा रंगारी मिळाला पाहिजे. जुने डबे, तुटके भाग, बाकांच्या फळ्या शेतात, परसात किंवा गोदामात पडून असतील तर ते भंगारात जाण्यापूर्वी निदान त्यांची मापे आणि छायाचित्रे घेतली जावीत, असे माझे कळकळीचे म्हणणे आहे.

याच कॅलथ्रॉपने इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी रेल्वे उभी केली होती. १९०४ मध्ये सुरू झालेली ती छोटी रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली. अवघे तीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या त्या गाडीची इंजिने आणि डबे तिथले छांदिष्ट आजही मापे पडताळून बनवत असतात. आपली रेल्वे तिच्या आधीची, तिच्याहून कितीतरी लांब आणि शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेली. तिची एक तरी पूर्ण गाडी तितक्याच निष्ठेने बांधली जावी, अशी अपेक्षा करणे अवाजवी नाही. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहायला खुले आहे. एका माणसाच्या छंदातून केवढे उभे राहू शकते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी तिथे जाऊन पाहावे.

कारागिरीची चिंता मी करत नाही. गिरण्या आणि यंत्रमाग यांच्या या गावात सुताएवढ्या फरकावर काम करणारे फिटर आणि टर्नर पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने यांच्याकडे त्रिमितीय छपाईची यंत्रे आली आहेत. आराखडा एकदा संगणकावर नीट उतरवला की बोगीच्या चौकटी आणि खिडक्यांच्या पट्ट्या त्यांवर काढता येतील, आणि पितळी पत्र्यावर आम्लाने कोरून गज, कठडे व अक्षरपट्ट्या करता येतील. विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एकेक डबा दिला, तर मापन, आरेखन आणि जुळणी असे तिन्ही अनुभव त्यांना मिळतील. एका गटाने एकच डबा करावा, पण त्याच्या प्रत्येक मापाला आधार काय, याची वही ठेवावी. ती वही प्रतिकृतीइतकीच मोलाची ठरेल.

पैसा आणि जागा यांची व्यवस्था नंतर होऊ शकते. माणसांचे तसे नाही. १९५४ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशी ओलांडून गेले आहे. कंपनीच्या अमलातील वारीची गाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले जे थोडे लोक कुर्डुवाडी, मोडनिंब, पंढरपूर, सांगोला आणि बार्शी या भागांत आहेत, त्यांच्याशी या वर्षीच बोलले पाहिजे. त्यांना ‘आठवणी सांगा’ असे मोघम विचारू नये. दार बाहेर उघडत होते की आत, बाक लांबीच्या बाजूने होते की आडवे, रात्री डब्यात दिवा कुठे टांगलेला असे, वाघिणीत चढायला काय लावत, गार्डचा डबा कोणत्या टोकाला असे, असे नेमके प्रश्न विचारावेत. रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर, सुतार, पॉइंट्समन आणि त्यांची मुले यांच्याकडे तर आराखड्यात न सापडणारी माहिती असते.

म्हणून आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की, बार्शी लाईटची छायाचित्रे, तिकिटे, वेळापत्रके, पासाची पुस्तके, डब्यावरील पितळी अंक किंवा अन्य वस्तू ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्यांच्या प्रती उपलब्ध कराव्यात, असे आवाहन आपण प्रसिद्ध करावे. मूळ वस्तू कोणीही देऊन टाकू नये, ती त्या घरातच राहावी. छायाचित्र मोबाईलने न टिपता सहाशे डीपीआयला स्कॅन करून घ्यावे, कडा कापू नयेत, कारण कडेलाच पुष्कळदा पुढच्या डब्याचे बफर किंवा रुळांचा भाग आलेला असतो. आणि मागच्या बाजूचीही प्रत काढावी, म्हणजे तिथे लिहिलेले गाव, वर्ष किंवा स्टुडिओचा शिक्का हाती लागेल. कुटुंबाच्या छायाचित्रात मागे अर्धवट आलेला डबा असला तरी तो उपयोगाचा आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त यंत्र-अभियंता, सोलापूर